नाकाच्या तक्रारी आणि सभोवतालची हवा

सर्दी-पडशाची गणना सहसा कोणी आजारांत करीत नाही. वर्गातील एखादा विद्यार्थी महिनोन्महिने नाक ओढीत बसतो, कचेरीतील कर्मचारी कपाळ जड झाले म्हणून बाम चोळतो, घरातील वडीलधारी व्यक्ती सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-वीस शिंका देते. परंतु या सर्वांना ‘सर्दी झाली आहे’ एवढे म्हणून विषय संपविला जातो. औषधाच्या दुकानातून मिळणारी गोळीही बहुधा एकच असते. वस्तुतः साधे पडसे, सायनसचा दाह, वावड्यामुळे होणारा नाकाचा विकार आणि प्रक्षोभक हवेमुळे होणारा त्रास या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची लक्षणे वरवर पाहता सारखी वाटली, तरी कारणे भिन्न आहेत आणि म्हणूनच उपायही भिन्न आहेत.

हा फरक ध्यानात घेणे प्रत्येक ठिकाणी उपयुक्त आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातील माहुलसारख्या, कारखान्यांनी वेढलेल्या वस्तीत तर तो अत्यावश्यक ठरतो. तेथे नाकाची तक्रार ही केवळ एका व्यक्तीच्या प्रकृतीची बाब राहत नाही, तर संपूर्ण वस्तीच्या हवेविषयी ती काही सांगत असते.

नाकाचे कार्य

नाक हे केवळ श्वासाचे दार नव्हे. ते शरीराचे पहिले गाळणयंत्र आहे. नाकपुडीतील केस मोठे धूलिकण अडवितात. आतील बाजूस असलेल्या शंखाकृती हाडांच्या घड्यांवरून हवा वळणे घेत जाते, त्या वेळी ती उबदार व दमट होते. या मार्गावर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर असतो. त्याखालील अतिसूक्ष्म रोम सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हा थर अडकलेल्या धुळीसह घशाकडे ढकलीत असतात. निरोगी माणसाच्या नाकात व सायनसमध्ये दिवसाकाठी सुमारे एक लिटर श्लेष्मा तयार होतो व नकळत गिळला जातो. म्हणजेच नाकात ओलावा असणे हा रोग नसून ती संरक्षणाची व्यवस्था आहे.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत. दहा मायक्रॉनहून मोठे कण नाकात बहुतांशी अडतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण मात्र फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतात. सल्फर डायऑक्साइड व अमोनिया यांसारखे पाण्यात सहज विरघळणारे वायू नाकाच्या ओलसर त्वचेतच मोठ्या प्रमाणात शोषले जातात. त्यामुळे फुप्फुसांचा काहीसा बचाव होतो; पण त्याची किंमत नाकाला मोजावी लागते. आग होणे, कोरडेपणा, चोंदणे व पाणी वाहणे या तक्रारी त्यातूनच उद्भवतात.

सायनस म्हणजे काय

‘मला सायनस आहे’ असे अनेकदा ऐकू येते. खरे पाहता सायनस प्रत्येकालाच असतात. चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्यांना हे नाव आहे. त्यांच्या चार जोड्या असतात : गालांच्या हाडांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकाच्या पाठीमागे कवटीच्या तळाशी. या सर्व पोकळ्या अरुंद वाटांनी नाकात उघडतात. सर्दीने वा सुजेने या वाटा बंद झाल्या, की आतील स्राव साचतो व चेहरा जड वाटू लागतो. गालाच्या सायनसचे तोंड पोकळीच्या वरच्या बाजूस असल्याने तेथील स्राव साचून राहण्याचा संभव अधिक असतो. वरच्या दाढांची मुळे याच पोकळीच्या तळाशी असतात. त्यामुळे किडलेली दाढ सायनसच्या दाहास कारण होऊ शकते आणि उलट सायनसच्या दाहामुळे निरोगी दाढाही दुखू शकतात.

साधे पडसे

साधे पडसे विषाणूंमुळे होते. ते निर्माण करणारे दोनशेहून अधिक प्रकारचे विषाणू ज्ञात आहेत. प्रथम घसा खवखवतो, मग शिंका व पाणी सुरू होते, दोन-तीन दिवसांनी स्राव घट्ट होतो आणि सात ते दहा दिवसांत प्रकृती पूर्ववत होते. प्रौढ व्यक्तीस वर्षातून दोन-तीन वेळा आणि लहान मुलास सहा-आठ वेळा पडसे होणे हे सर्वसाधारण मानले जाते.

स्राव पिवळा वा हिरवट झाला म्हणजे प्रतिजैविक औषध हवेच, असा एक दृढ समज आहे. तो बरोबर नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशींमुळेही हा रंग येतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. ती विनाकारण घेतल्यास जंतू त्यांना सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निरुपयोगी ठरते.

सायनसचा दाह

पडशाच्या शंभर रुग्णांपैकी फार तर एक-दोघांच्या सायनसमध्ये जंतुसंसर्ग होतो. तो ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. दहा दिवस उलटूनही सुधारणा न होणे, ही पहिली. बरे वाटू लागल्यानंतर ताप, दुखणे व घट्ट स्राव पुन्हा उलटणे, ही दुसरी. आरंभापासूनच जोराचा ताप, पुवासारखा स्राव व चेहऱ्याच्या एका बाजूस तीव्र वेदना सलग तीन-चार दिवस राहणे, ही तिसरी. वाकल्यावर दुखणे वाढणे, वास न येणे, तोंडाला दुर्गंधी येणे व घशात मागून स्राव उतरून खोकला येणे हीही या दाहाची लक्षणे होत.

त्रास बारा आठवड्यांहून अधिक काळ राहिल्यास तो जुनाट समजला जातो. जुन्या लोकांच्या बोलण्यातील ‘पीनस’ या शब्दात अशाच जुनाट तक्रारींचा निर्देश होतो. नाकाचा पडदा वाकडा असणे, नाकात द्राक्षाच्या घोसाप्रमाणे दिसणारे पॉलिप वाढणे, सततचे वावडे, धूम्रपान अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. त्यासाठी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घेणे इष्ट असते. मात्र प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते. ‘सायनस’ म्हणून वर्षानुवर्षे सोसलेले दुखणे प्रत्यक्षात अर्धशिशीचे निघाल्याची उदाहरणे वैद्यकीय व्यवहारात विपुल आहेत.

वावड्याचा विकार

एखादा पदार्थ इतरांना निरुपद्रवी असूनही काहींच्या शरीरास सोसत नाही. यालाच वावडे अथवा ॲलर्जी म्हणतात. घरातील धुळीत वाढणारे सूक्ष्म कीटक, भिंतींवरील बुरशी, झुरळे, पाळीव प्राण्यांच्या अंगावरील कोंडा व फुलांचे परागकण ही त्याची नेहमीची कारणे आहेत. कोकण किनाऱ्यावरील व मुंबईतील दमट हवेत धुळीतील कीटक व बुरशी यांना चांगलाच वाव मिळतो.

वावड्याची मुख्य खूण म्हणजे खाज. नाक, डोळे व टाळू खाजतात, एकामागून एक शिंका येतात, स्वच्छ पाणी वाहते. ताप मात्र येत नाही. मुले तळहाताने नाक वर ढकलून पुसतात व त्यामुळे नाकावर आडवी रेघ उमटते. या विकाराकडे दुर्लक्ष करू नये, कारण नाक व फुप्फुसे हा एकच श्वसनमार्ग आहे. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो आणि नाकाचा त्रास आटोक्यात आल्यास दम्यावरही चांगला परिणाम होतो.

प्रक्षोभक हवा : माहुलचा अनुभव

चौथा प्रकार असा, की त्यात जंतूही नसतात आणि वावडेही नसते. धूर, रासायनिक बाष्प वा उग्र वायू यांमुळे नाकाची त्वचा चुरचुरते, नाक चोंदते, डोळ्यांची आग होते व घसा आवळल्यासारखा वाटतो. येथे खाजेपेक्षा जळजळ अधिक असते. या त्रासाची सर्वांत महत्त्वाची खूण स्थानाशी निगडित आहे : माणूस दुसऱ्या गावी गेला, की बरे वाटते आणि परतला, की त्रास पुन्हा सुरू होतो. त्याचप्रमाणे एकाच वेळी एकाच गल्लीतील अनेकांना तो होतो.

माहुल हे चेंबूरनजीकचे खाडीकाठचे जुने गाव. मासेमारी हा तेथील कोळी समाजाचा पिढीजात व्यवसाय. ट्रॉम्बे परिसरात १९५४ व १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्यानंतर औष्णिक वीजकेंद्र आले, १९६५ साली खत कारखाना सुरू झाला आणि पुढे रसायने व इंधने साठविणाऱ्या टाक्यांची त्यांत भर पडली. राष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीत या परिसराचा वाटा मोठा आहे. परंतु गाव व कारखाने यांच्यामधील अंतर फारच थोडे राहिले.

मुंबईची हवा व आरोग्य यांचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चार हजारांहून अधिक नागरिकांची पाहणी हाती घेतली होती. शहरातील कमी-अधिक प्रदूषणाचे विभाग व ग्रामीण भाग यांची तीत तुलना करण्यात आली. अधिक प्रदूषित विभागांत खोकल्याचे व वारंवार होणाऱ्या सर्दीचे प्रमाण जास्त आढळले. म्हणजे ज्या सर्दीला कोणी आजार मानीत नाही, ती हवेच्या प्रतीचे एक मापही असू शकते, हे तेव्हाच दिसून आले होते.

याच रुग्णालयातील पर्यावरण प्रदूषण संशोधन केंद्राने २०१३ साली माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांची पाहणी केली. महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागण्याची तक्रार ६७.१ टक्के लोकांनी केली. छातीत कोंडल्यासारखे वाटते असे ८४.५ टक्के, तर डोळे चुरचुरतात असे ८६.६ टक्के लोकांनी सांगितले. या पाहणीच्या अहवालात टोल्युइन डायआयसोसायनेट या द्रव्याकडे लक्ष वेधण्यात आले. फोमच्या गाद्या वगैरे तयार करण्यासाठी लागणारे हे रसायन श्वसनमार्गास प्रक्षोभक असून, एकदा शरीर त्यास संवेदनशील झाले, की अत्यल्प मात्रेनेही दमा उद्भवू शकतो.

रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे मान्य केले आणि ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांनी मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई भरावी, असा आदेश दिला. दरम्यान २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून हलविलेल्या कुटुंबांना माहुलमधील इमारतींत घरे देण्यात आली होती. त्यांच्या प्रकरणी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, या कुटुंबांवर माहुल येथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. पर्यायी घर देता येत नसल्यास दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले.

त्रास रात्री व हिवाळ्यात का वाढतो

उन्हाळ्यात व पावसाळ्यात समुद्रावरील जोरदार वारे मुंबईची हवा खेळती ठेवतात. हिवाळ्यात वारे मंदावतात. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर व बाष्प वर न जाता वस्तीच्या पातळीवरच रेंगाळतात. पहाटे नाक चोंदणे व डोळे चुरचुरणे यांचे हे एक कारण आहे.

येथे आणखी एक बाब ध्यानात ठेवली पाहिजे. दररोज प्रसिद्ध होणारा हवा गुणवत्ता निर्देशांक धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया व शिसे यांवर आधारलेला असतो. धूलिकणांचे दोन प्रकार धरून ही संख्या आठ होते. बाष्पशील सेंद्रिय रसायनांचा तीत समावेश नसतो. म्हणून निर्देशांक ‘समाधानकारक’ असतानाही उग्र वासामुळे वस्तीस त्रास होणे शक्य आहे. ‘आकडा तर चांगला आहे’ एवढ्या आधारावर नागरिकांची तक्रार निकालात काढणे शास्त्रास धरून होणार नाही.

घरगुती काळजी

नाक मिठाच्या पाण्याने धुणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. जलनेतीच्या रूपाने तो आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरेसे होते. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. नळाचे अथवा विहिरीचे पाणी तसेच वापरू नये. वावड्यासाठी डॉक्टर नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा देतात. तो नियमित घेतल्यानेच गुण येतो. एक-दोन दिवसांत फरक न दिसल्यास सोडून देणे चुकीचे आहे.

चोंदलेले नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब मात्र पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत. त्यांची सवय लागते आणि थेंबांमुळेच नाक पुन्हा चोंदू लागते. वाफारा मोठ्यांनी जपून घ्यावा. लहान मुलांना भाजण्याचा धोका असल्याने तो देऊ नये. विडी, सिगारेट व तपकीर वर्ज्य करावी. बंद खोलीत मच्छर अगरबत्ती, धूप व चुलीचा धूर टाळावा. अंथरूण-पांघरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे.

घोळणा फुटल्यास रुग्णाला आडवे करण्याची वा डोके मागे टाकण्याची रीत चुकीची आहे. त्यास बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा.

धोक्याच्या खुणा

काही लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठले पाहिजे. डोळ्याभोवती सूज, एकाच्या जागी दोन वस्तू दिसणे, कपाळावर सूज, असह्य डोकेदुखी, मान ताठणे अथवा गुंगी येणे ही संसर्ग डोळ्याकडे वा मेंदूकडे सरकल्याची चिन्हे असू शकतात. प्रौढ व्यक्तीच्या एकाच नाकपुडीतून वरचेवर रक्तमिश्रित स्राव येत असल्यास तपासणी अनिवार्य समजावी. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास मणी, बी वा खडू आत अडकल्याचा संशय घ्यावा.

२०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने महाराष्ट्रात हजारो रुग्णांना ग्रासले. हा रोग बहुधा नाक व सायनसमधूनच सुरू होतो. चेहऱ्याची एक बाजू दुखणे वा बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा डाग, वरचे दात हलू लागणे ही त्याची लक्षणे होत. मधुमेह नियंत्रणात नसलेल्यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. राज्य शासनाने त्याच वर्षी मे महिन्यात या रोगावरील उपचारांचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश केला. त्या काळात ज्यांनी पहिल्या लक्षणांकडे ‘साधी सर्दी’ म्हणून पाहिले, त्यांच्यापैकी काहींना डोळा, तर काहींना जीव गमवावा लागला.

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांची भूमिका

तोंडाने श्वास घेणारे, झोपेत घोरणारे, वर्गात पेंगणारे वा हाक मारल्यावर लवकर न ऐकणारे मूल आळशी असेलच असे नाही. नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्याने झोप अपुरी होते व कानात द्रव साचून ऐकू कमी येते. अशा मुलांची नावे शिक्षकांनी शालेय आरोग्य तपासणीच्या पथकास आवर्जून कळवावीत.

माहुलचा अनुभव केवळ मुंबईपुरता नाही. औद्योगिक वसाहती, खडी क्रशर, वीटभट्ट्या व साखर कारखाने आज राज्याच्या ग्रामीण भागातही गावांच्या शेजारी उभे आहेत. अशा ठिकाणी ‘गावात सर्वांना सर्दी आहे’ या विधानाने काही साध्य होत नाही. नोंदीने मात्र होते. त्रास कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या आळीत झाला, वास कसा होता, वारा कोणीकडून वाहत होता, किती जणांना एकाच वेळी त्रास झाला आणि गावाबाहेर गेल्यावर तो थांबला काय, एवढ्या बाबी एका वहीत नियमाने लिहिल्या, तरी त्यांतून चित्र स्पष्ट होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीतील महिनावार आकडे त्यास जोडावेत आणि ती माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी पाठवावी. हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या अंमलबजावणीस अशा पुराव्याचे साहाय्य होते.

वैद्यकीय उपचारांनी रुग्णाचा दाह कमी होतो, परंतु तो पुन्हा त्याच हवेत परतणार असेल, तर त्याचा आजार बरा झाला असे म्हणता येत नाही. पडसे कोणते, वावडे कोणते आणि हवेचा दोष कोणता, हे ओळखण्याइतके ज्ञान गावोगावच्या जाणत्या मंडळींपाशी आले, तर अनावश्यक औषधांवरील खर्च वाचेल, गंभीर रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचतील आणि हवेचा दोष असेल तेथे तो दूर करण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांच्यापर्यंत तक्रार पुराव्यानिशी जाईल.